घरच्या बेबिंकाचा गृहउद्योग

बेबिंका हा गोव्यातील ख्रिस्ती घरांमध्ये नाताळ आणि लग्नकार्यात होणारा थरांचा गोड पदार्थ. नारळाचे दूध, अंड्यांचा पिवळा बलक, साखर, मैदा, तूप आणि जायफळ ही त्याची सामग्री. पिठाचा एक थर ओतून वरून आच देतात. तो खरपूस झाला की तूप लावून पुढचा थर ओततात. परंपरेने सात थर मानतात, काही घरांत सोळापर्यंतही. यात कित्येक तास जातात, आणि याच मेहनतीमुळे तयार बेबिंकाला मागणी असते. 2023 मध्ये गोव्याच्या बेबिंकाला भौगोलिक मानांकन मिळाले.

घरची कृती विक्रीस आणताना पहिले काम मोजमापाचे. वाटी-चिमटीचे प्रमाण ग्रॅममध्ये लिहून ठेवले, तरच प्रत्येक वेळी चव सारखी येते. किंमत ठरवताना सामग्रीबरोबर इंधन, वेष्टन आणि स्वतःच्या श्रमाचे तासही धरावे लागतात. उरलेल्या पांढऱ्या बलकाची मेरिंग केल्यास नासाडी टळते.

विक्रीपूर्वी अन्न सुरक्षा प्राधिकरणाकडे नोंदणी आवश्यक असते. वेष्टनावर घटक, निव्वळ वजन, उत्पादनाची तारीख आणि वापराची मुदत छापावी लागते. अंडी असल्याने मांसाहारी चिन्हही लागते. भांडवलासाठी केंद्र सरकारने 2020 मध्ये सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांची योजना सुरू केली. तीत कर्जाशी जोडलेले 35 टक्के, कमाल 10 लाख रुपयांचे अनुदान ठेवले गेले.