जर्मनीतली पानगळ



जर्मनीत विद्यापीठाचं हिवाळी सत्र ऑक्टोबरमध्ये सुरू होतं.
तेव्हा तिथे पानगळ असते.
दिवस लहान होतो, खोलीतून हलावंसं वाटत नाही.
पण विद्यार्थी मित्रहो, बाहेर पडा!

बाजारात भोपळ्यांचे ढीग असतात.
होक्काइडो नावाचा केशरी भोपळा घ्या.
त्याची साल काढावी लागत नाही.
तिथले लोक त्याचं सूप करतात.
आपलं भरीतही झकास होतं!

मग येतो 11 नोव्हेंबर, संत मार्टिनचा दिवस.
मार्टिन हा रोमन सैनिक.
थंडीत कुडकुडणारा भिकारी त्याला दिसला.
त्याने तलवारीने आपला झगा कापला,
आणि अर्धा त्याला दिला, अशी कथा आहे.

त्या सुमाराला संध्याकाळी मुलं मिरवणुकीने निघतात.
हातात कागदी कंदील, ओठांवर गाणी.
कुठे कुठे पुढे घोड्यावर मार्टिनही असतो!
आपली दिवाळीही याच दिवसांत येते.
आकाशकंदील करता येत असेल, तर तुमचाही कंदील घेऊन चला.

ऱ्हाईन नदीकाठी तेव्हा वेकमान मिळतो.
माणसाच्या आकाराचा गोडसर पाव, मनुकांचे डोळे.

तर पुन्हा सांगते, बाहेर पडा.
टोपी आणि हातमोजे मात्र घ्या.
तिथे पाचच्या सुमारासच अंधारून येतं.