सिद्धाचार्य सरहपाद
भारतीय तांत्रिक बौद्ध परंपरेतील ८४ सिद्धांमध्ये, म्हणजे साधना पूर्णत्वास नेलेल्या आचार्यांमध्ये, सरहपाद अग्रगण्य मानले जातात. ब्राह्मणकुळात जन्मलेल्या या विद्वानाने बाण घडवणाऱ्या स्त्रीच्या सान्निध्यात साधना केली, असे परंपरा सांगते. कर्मकांड आणि कोरडे पांडित्य यांचे त्यांनी केलेले खंडन विलक्षण निर्भय असून, ‘सहज’, म्हणजे चित्ताची मूळची, कल्पनांनी न झाकोळलेली अवस्था, गुरूच्या उपदेशाने याच देहात अनुभवता येते, अशी त्यांची धारणा होती. हा गहन विचार त्यांनी अपभ्रंश भाषेतील दोह्यांतून, म्हणजे दोन ओळींच्या पद्यांतून, मांडला. हरप्रसाद शास्त्री यांनी नेपाळात मिळवलेले हे दोहे १९१६ साली प्रकाशित केले, तर राहुल सांकृत्यायन यांना तिबेटात त्यांचे आणखी एक हस्तलिखित सापडले.