दोन सीमा ओलांडणारें घर

अमेरिकेच्या मुख्य भूमीवरून अलास्का या तिच्याच राज्यांत मोटारीनें जावयाचें, तर मध्यें कॅनडा हा परका देश ओलांडावा लागतो. डॉसन क्रीकपासून डेल्टा जंक्शनपर्यंतचा अलास्का महामार्ग सुमारें 2,200 किलोमीटर लांबीचा आहे. अमेरिकन सैन्यानें तो 1942 सालीं युद्धाच्या गरजेपोटीं बांधला. 1948 मध्यें तो सर्वसामान्य प्रवाशांस खुला झाला. आज दर उन्हाळ्यांत अनेक कुटुंबें मोटारघर घेऊन या वाटेनें जातात.

मोटारघर म्हणजे निजण्याची, रांधण्याची व स्नानाची सोय असलेली गाडी. मालकाच्या दृष्टीनें तें घर. जकातीच्या अधिकाऱ्याच्या दृष्टीनें तें परदेशांत शिरूं पाहणारें सामान. तयारीचें सारें मर्म या दृष्टिभेदांत आहे. आपल्या कपाटांत काय आहे याचा झाडा घरांत कोणी मागत नाहीं. सीमेवर तो द्यावा लागतो.

म्हणून निघण्यापूर्वीं प्रत्येक खण रिकामा करून पाहावा. अमेरिकेंत पुष्कळ घरांतून पिस्तूल असतें. पण सामान्य प्रवाशास तें कॅनडांत नेतां येत नाहीं. खणांत विसरून राहिलें, तरी जप्ती ओढवते, प्रसंगीं अटकही होते, आणि साऱ्या कुटुंबाचा प्रवास तेथेंच संपतो. शिकारीची बंदूक असल्यास ती आपण होऊन सांगावी लागते. माणसावर मारण्याचा मिरचीचा फवारा निषिद्ध. परंतु अस्वलासाठीं असें स्पष्ट छापलेला फवारा चालतो. जळाऊ लांकूड घरींच ठेवावें, कारण त्याच्या सालीखालीं किडे दडून जातात. मिशिगनमध्यें 2002 सालीं आढळलेल्या एका हिरव्या किड्यानें ॲश जातीचीं कोट्यवधि झाडें मारलीं. त्याच्या प्रसारास असें लांकूडच साहाय्यभूत झालें. प्रत्येकाचा पासपोर्ट, कुत्र्यास रेबीजची लस दिल्याचा दाखला आणि गाडीचा विमा कॅनडांत लागू असल्याचें पत्र हीं एका पाकिटांत हाताशीं असावींत.

वाटेचा विचारही हवाच. युकॉनच्या पश्चिम भागांत जमिनीखालची गोठलेली माती वितळून रस्ता उंचसखल होतो. तेथें जड गाडी सावकाश हांकावी आणि भांडीं बांधून ठेवावींत. पेट्रोलचे पंप दूरदूर असल्यानें टाकी निम्मी होतांच भरून घ्यावी.

बीव्हर क्रीकच्या पुढें दुसरी सीमा येते. शिरावयाचें तें स्वदेशांतच, तरीही झाडा पुन्हां द्यावा लागतो. ज्यानें निघण्यापूर्वीं आपलें घर नीट पाहिलें आहे, त्यास दोन्ही ठिकाणीं खरें उत्तर देणें अवघड जात नाहीं.