घामाचा पैसा आणि पडद्यावरचा वेग



युनियनचा माणूस आज मुलांच्या खेळाविषयी बोलणार, म्हणून काहींना हसू येईल. पण हा प्रश्न माझ्याकडे एका कामगारानेच आणला. भाईंदरच्या स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात तो पॉलिशचे काम करतो. मुलाने संगणकावरील खेळांसाठी दोन लाखांचे ग्राफिक्स कार्ड मागितले होते. बाप म्हणाला, “भाऊ, नाही म्हणावे तर पोराला आपली गरिबी दिसते, हो म्हणावे तर कर्ज.”

पडद्यावर हलणारे चित्र म्हणजे एकामागून एक दाखविलेली स्थिर चित्रे. त्यांना फ्रेम म्हणतात. त्या तयार करणे हे कार्डाचे काम. सेकंदाला जितक्या अधिक, तितका खेळ सुरळीत. म्हणजे हा नगाचा हिशेब झाला, आणि तो तर आमच्याच पेशातला!

जानेवारी 2025 मध्ये एनव्हिडिया कंपनीने भारतासाठी किमती जाहीर केल्या. आरटीएक्स 5090 कार्डाची किंमत 2,14,000 रुपयांपासून, तर 5070 ची 59,000 रुपयांपासून. किंमत साडेतीन पटींहून अधिक. फ्रेम मात्र तितक्या पटीने वाढत नाहीत. वर चढावे तसतसा प्रत्येक वाढीव फ्रेमचा भाव चढतो. शिवाय मोठे कार्ड पूर्ण भारावर 575 वॅट वीज ओढते, धाकटे 250. रोज चार तास तसे चालले, तर महिन्याला सुमारे 39 युनिटांचा फरक पडतो.

मी मुलाला विचारले, “तुझा पडदा कोणता?” तो म्हणाला, “60 हर्ट्झचा.” असा पडदा सेकंदाला साठच वेळा चित्र बदलतो. कार्डाने दोनशे फ्रेम दिल्या, तरी बहुतेक वाया. कारखान्यात प्रेस दुप्पट वेगाची आणली आणि पॉलिशला माणसे तेवढीच ठेवली, तर भांडी वाढत नाहीत, ढीग वाढतो. मोठ्या 4के पडद्यावर जड खेळ खेळणाऱ्याची गोष्ट वेगळी. तिथे महाग कार्ड आपली ताकद खरोखर दाखविते.

आणखी एक गंमत ऐका. त्याच वेळी कंपनीने सांगितले की, हे धाकटे 5070 मागच्या पिढीतील सर्वांत मोठ्या 4090 ची बरोबरी करते. कशाच्या जोरावर? खऱ्या दोन फ्रेमच्या मध्ये कार्ड अंदाजाने तीनपर्यंत फ्रेम घालते. चित्र गुळगुळीत दिसते, हे खरे. पण बोट दाबल्यावर मिळणारा प्रतिसाद त्यामुळे जलद होत नाही. हजेरीपटावर नावे चार आणि कामावर माणूस एक, हा प्रकार आम्ही पुष्कळ पाहिला आहे. म्हणून आकडा ऐकला की विचारावे, यात राबणारे किती?

आता मजुरीचा हिशेब. दिवसाला 700 रुपये मिळतात असे धरा. धाकटे कार्ड म्हणजे 84 दिवसांचे श्रम. मोठे म्हणजे 306 दिवसांचे. सुट्ट्या वगळल्या तर ते जवळजवळ अख्खे वर्ष झाले!

यावरून कामगाराच्या मुलाने हौस करू नये, असे मी म्हणतो असे समजू नका. आठ तासांच्या दिवसासाठी जगभरचे कामगार लढले, ते उरलेल्या वेळात माणसासारखे जगता यावे म्हणूनच. खेळ हा त्या जगण्याचाच भाग आहे. पण ज्याने श्रमाचे पुरते दाम मागितले, त्याने दाम मोजतानाही पुरते मोल मागावे.

बापलेक रविवारी गाडीने ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर गेले आणि 5070 पेक्षाही लहान कार्ड घेऊन आले. निवड मुलानेच केली. हिशेब त्यानेच कागदावर मांडला होता. बापाला नाही म्हणावे लागले नाही आणि कर्जही झाले नाही. मला वाटते, त्या घरात त्या दिवशी कार्डापेक्षा मोठी वस्तू आली.