कागद आपला, लेखणीही आपली

(विद्यार्थी-पालक मेळाव्यात एका शिक्षकाने केलेले भाषण)



नवे शैक्षणिक वर्ष तोंडावर आले आहे. अशा वेळी टक्केवारी, प्रवेश आणि शिष्यवृत्ती यांवर बोलण्याची पद्धत आहे. त्या गोष्टी महत्त्वाच्या आहेतच. परंतु आज मी आपणापुढे एक साधा संकल्प ठेवणार आहे. येते एक वर्ष आपण सर्वांनी कथा-कादंबऱ्या वाचाव्यात आणि रोज थोडेसे स्वतःचे लिहावे. हा संकल्प कशासाठी, ते सांगतो.

जुन्नर म्हटले की शिवनेरी आठवतो, नाणेघाट आठवतो, लेणी आठवतात. ते योग्यच आहे. पण आपल्या जुन्नरची आणखी एक ख्याती होती. ती म्हणजे जुन्नरी कागद. चिंध्या आणि जुने गोणपाट भिजवायचे, चुन्यात मुरवायचे, कुटून लगदा करायचा, चौकटीवर त्याचे ताव काढायचे, वाळवायचे, खळ लावून गुळगुळीत घोटायचे, असे ते कष्टाचे काम होते. ते करणारे कागदी लोक मुसलमान होते. पेशवाईत त्यांच्यापैकी काही पुण्यास गेले आणि तेथे कागदीपुऱ्यात राहिले. मराठेशाहीच्या दप्तरांत जुन्नरी कागद वापरला गेला. पुढे गिरणीचा स्वस्त कागद आला आणि हा धंदा बसला.

पालकहो, विचार करा. आपल्या वाडवडिलांनी कागद केला, त्यावर साऱ्या मुलखाचा हिशेब आणि इतिहास लिहिला गेला. परंतु तो कागद करणाऱ्या घरांची हकिकत त्यावर कितीशी उतरली? त्यांच्या घरी सुखदुःख काय होते, मुलीचे लग्न कसे झाले, धंदा बसला तेव्हा चूल कशी पेटली, हे आज कोण सांगणार? लिहिले नाही ते गेले.

तुम्ही म्हणाल, ही जुनी गोष्ट झाली. मग आजची घ्या. आमच्याकडे परीक्षेत निबंध येतो, ‘माझा आवडता सण’. आपली कितीतरी मुले त्यावर दिवाळीचा निबंध लिहितात. दिवाळीवर जरूर लिहावे. शेजारच्या घरचा फराळ आपण खातो, आकाशकंदील पाहून आपली मुलेही हरखतात. परंतु हा निबंध मुलाने पाहिलेल्या दिवाळीचा नसतो. तो मार्गदर्शकातून पाठ केलेला असतो, आणि शंभर पेपरांत त्याच ओळी असतात. ज्या मुलाने पहाटे उठून अंघोळ केली, नवे कपडे घातले, अत्तर लावले, अब्बांचे बोट धरून ईदगाहवर गेला, आजीच्या हातचा शीरखुर्मा दहा घरी पोहोचवला, त्याला ईदवर पाच वाक्ये सुचत नाहीत. कोणी मनाई केलेली नसते. पाठ करायला ईदचा निबंध मिळालेला नसतो आणि स्वतःचे लिहिण्याची सवय नसते, एवढेच कारण. स्वतःच्या घरची ईद ज्याला लिहिता येत नाही, तो उद्या स्वतःचा अर्ज, स्वतःची तक्रार, स्वतःचे मत कसे लिहिणार? दुसऱ्याचे शब्द तो किती दिवस वापरणार?

काही पालक विचारतात, “सर, गोष्टीच्या पुस्तकांनी मार्क मिळतात का?” मिळतात. ज्याने दहा कादंबऱ्या वाचल्या, त्याच्याजवळ शब्द असतात, वाक्य कोठे सुरू करावे आणि कोठे थांबवावे याचा कान असतो. पण लाभ तेवढाच नाही. आपल्या मुलाच्या घरात दखनी बोली, गावात मराठी आणि मदरशात अरबी. काहींना हे ओझे वाटते. वास्तविक ही दौलत आहे. आपल्या बोलीतला ‘नक्को’ हा मराठीच्या ‘नको’चाच सख्खा भाऊ आहे. ही दौलत वाचनाने वाढते आणि लेखनाने खर्ची पडते. वाचलेच नाही, तर मूल तिन्ही भाषांत अर्धे राहते.

दुसरा प्रश्न काही बुजुर्ग मंडळी विचारतात. कथा-कादंबऱ्या म्हणजे रचलेल्या गोष्टी. मग त्या मुलांना का द्याव्यात? प्रश्न प्रामाणिक आहे. परंतु शेख सादींचा १२५८ सालचा ‘गुलिस्ताँ’ शेकडो वर्षे मक्तबांतून शिकवला गेला. तो हिकायतींनी, म्हणजे लहान लहान गोष्टींनी, भरलेला आहे. मौलाना रूमींची ‘मसनवी’ही गोष्टींतून शिकवते. उर्दूतली पहिली कादंबरी समजली जाणारी ‘मिरात-उल-उरूस’ १८६९ साली प्रसिद्ध झाली. ती डेप्युटी नजीर अहमद यांनी आपल्या मुलींना वाचण्यासाठी लिहिली. म्हणजे एका मुसलमान बापाने आपल्या मुलींच्या शिक्षणासाठी कादंबरी लिहिली आणि घरातून ती बाहेर पडली. १९०५ साली रुकय्या सखावत हुसेन यांनी इंग्रजीत ‘सुलतानाज ड्रीम’ ही स्त्रियांच्या राज्याची कल्पित कथा लिहिली आणि १९११ साली याच बाईंनी कलकत्त्यात मुलींची शाळा काढली. मुलगी गोष्टीचे पुस्तक वाचत बसली म्हणून तिच्या हातातून ते काढून घेणाऱ्यांनी ही दोन नावे ध्यानात ठेवावीत.

चांगली कथा शेजाऱ्याच्या घराचे दार उघडते. १९३३ साली प्रेमचंदांनी ‘ईदगाह’ लिहिली. हमीद नावाचे पोरके पोर, खिशात तीन पैसे. जत्रेत इतर मुले खेळणी, मिठाई घेतात. हमीद चिमटा घेतो, कारण भाकरी भाजताना आजीची बोटे पोळतात. प्रेमचंद हिंदू होते. तरीही ईदच्या सकाळी गरीब मुसलमान घरात काय चालते, हे त्यांनी इतके अचूक लिहिले की वाचणारा कोणत्याही धर्माचा असो, त्याचे डोळे भरून येतात. त्याचप्रमाणे आपल्या मुलांनी साने गुरुजींची ‘श्यामची आई’ वाचावी, म्हणजे कोकणातल्या एका ब्राह्मण घरातली आई आपल्याच अम्मीसारखी आहे हे त्यांना कळेल. माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ वाचावी. त्यात धनगरांच्या वाडीवर आलेला तरुण मास्तर आहे. अण्णा भाऊ साठे यांची १९५९ची ‘फकिरा’ वाचावी. अण्णा भाऊ शाळेत जेमतेम गेले होते, हेही मुलांना सांगावे. हमीद दलवाई यांच्या विचारांशी आपल्यापैकी अनेकांचा मतभेद आहे, तरी त्यांची ‘इंधन’ ही कादंबरी मोठ्या मुलांनी वाचून मग स्वतःचे मत बनवावे. वाचल्याशिवाय केलेला मतभेद कच्चा राहतो.

आणि मराठीत लिहिणारे मुसलमान दूरवरच असतात असे समजू नका. आपल्या शेजारच्या शिरूर तालुक्यात कवठे येमाईचे बशीर मोमीन कवठेकर होऊन गेले. आपले नारायणगाव म्हणजे तमाशाची पंढरी. त्या तमाशाच्या फडांसाठी मोमीन यांनी मराठीत वगनाट्ये आणि गीते लिहिली, हुंडा आणि व्यसन यांसारख्या विषयांवर लोकांच्या भाषेत लिहिले. २०१८चा विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्कार शासनाने त्यांना दिला. २०२१ मध्ये ते आपल्यातून गेले. तसेच १९९० हे साल लक्षात ठेवावे. त्या वर्षी पुण्यातील अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद संतसाहित्याचे अभ्यासक डॉ. यू. म. पठाण यांनी भूषवले आणि त्याच वर्षी सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. वाट पाडलेली आहे, चालणारे हवेत.

आता प्रत्यक्ष काय करायचे ते सांगतो. विद्यार्थ्यांनो, दोनशे पानांची एक वही घ्या. रोज अर्धे पान लिहा. वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस धरले तर एकशे ब्याऐंशी-त्र्याऐंशी पाने होतात, म्हणजे एक वही पुरते. काय लिहायचे? मंचरच्या बाजारात कांद्याचा भाव पडला त्या दिवशी अब्बा घरी येऊन काय बोलले, ते लिहा. उसात बिबट्या दिसला त्या रात्री वस्तीवर काय झाले, ते लिहा. नानीला विचारा की धरणाआधीचे आंबेगाव कसे होते. तुमच्या घरात बागवान, आतार, मणियार, पिंजारी यांपैकी जो धंदा होता, त्यातले जुने शब्द उतरवून काढा. शुद्धलेखनाची भीती बाळगू नका, ते सुधारायला आम्ही आहोत. जे घडले ते लिहिता येऊ लागले, की जे घडले नाही तेही रचता येईल. कथा अशीच जन्मते.

वाचनासाठी महिन्याला एक पुस्तक. दोनशे चाळीस पानांचे पुस्तक रोज आठ पाने वाचली तरी महिन्यात संपते. आठ पानांना अर्धा तास पुरतो. मोबाईलवर तेवढा वेळ नकळत जातो.

पालकांनो, तुमचा वाटाही सांगतो. रात्री जेवणानंतर अर्धा तास सर्वांचे मोबाईल बाजूला ठेवा आणि मुलाला मोठ्याने वाचायला सांगा. ज्या आईला वाचता येत नाही, तिने ऐकावे. ऐकणारे मिळाले की वाचणाऱ्याला हुरूप येतो. गावच्या सार्वजनिक वाचनालयाची वर्गणी भरा. १९६७ पासून राज्यात ग्रंथालयांचा कायदा आहे, अनेक वाचनालयांना शासनाचे अनुदान मिळते. ते आपल्याही पैशाचे आहे. ईदीच्या पैशातून एक पुस्तक मुलाच्या पसंतीचे घ्या. मुलगा दुकानावर बसत असेल तर गल्ल्याशेजारी पुस्तक राहू द्या.

संस्थाचालकांना आणि आम्हा शिक्षकांना माझी एवढीच विनंती आहे की शाळेतल्या पुस्तकांच्या कपाटाला कुलूप नसावे. पुस्तक फाटले तर चिकटवू, हरवले तर दुसरे आणू. न हाताळलेले पुस्तकही वाळवीच खाते.

शेवटी एक मागणी. पुढील वर्षीच्या या स्मरणिकेत दहा पाने विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवावीत. त्यांत पाठ केलेला एकही निबंध नसावा. मंचर, घोडेगाव, ओतूर, नारायणगाव, जुन्नर येथल्या मुलामुलींनी स्वतः लिहिलेल्या गोष्टी असाव्यात, आणि निदान एक तरी आपल्या घरच्या ईदची असावी. आपल्याला मिळालेल्या पहिल्या संदेशात वाचनाची आज्ञा आहे आणि कलमाचा उल्लेख आहे. आपल्या गावाने कागद दिला आहे. लेखणी उचलणे तेवढे आपल्याकडे राहिले आहे.

 खुदा हाफिज. जय हिंद, जय महाराष्ट्र.