शाळेची घंटा आणि घराची घडी

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



मी कोणी विदुषी नव्हे. बालवर्गाची शिक्षिका म्हणून तीस वर्षे लहान मुलांत घालविली, एवढाच माझा अधिकार. त्या अनुभवाच्या जोरावर शाळा उघडण्याच्या सुमाराच्या दिवसांविषयी काही विचार आपल्यापुढे ठेवते.

आपल्याकडील बहुतेक मराठी शाळा जूनच्या मध्याच्या सुमारास उघडतात. त्यापूर्वीचे दिवस लग्नमुंजींचे, आजोळचे आणि आंब्यांचे. मुले रात्री अकराला निजतात व सकाळी उन्हे वर आल्यावर उठतात. यात वावगे काही नाही. सुट्टी सुट्टीसारखीच जावी. परंतु शाळेच्या आदल्या रात्री आपण मुलाला एकाएकी नऊ वाजता अंथरुणावर घालतो, आणि झोप येत नाही म्हणून त्याच्यावरच रागावतो. झोप कोणाच्या आज्ञेने येत नसते.

निद्राशास्त्रातील अमेरिकन तज्ज्ञांनी २०१६ साली असे मत दिले की, तीन ते पाच वर्षांच्या मुलास दुपारची झोप धरून दहा ते तेरा तास, आणि सहा ते बारा वर्षांच्या मुलास नऊ ते बारा तास झोप हवी. आता हिशेब करा. साडेसहाला उठणारे पहिलीतील मूल अकराला निजले, तर त्याच्या वाट्यास साडेसात तासच येतात. यास्तव निजण्याची वेळ दर दोन दिवसांनी पंधरा मिनिटे अलीकडे आणावी. सोळा दिवसांत अकराचे नऊ होतात. सकाळी उठण्याची वेळही तशीच मागे आणावी आणि उठताच मुलाला अंगणात अथवा गॅलरीत उजेडात न्यावे.

महाराष्ट्र शासनाने २०२४ साली परिपत्रक काढून पूर्वप्राथमिक ते चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊ वा त्यानंतर भरविण्यास सांगितले. हेतू स्तुत्य आहे. पण शाळा उशिरा भरते म्हणून आपण निजण्याची वेळही पुढे ढकलली, तर मुलाच्या पदरात काय पडले? दूरदर्शन-संच चालू, वडिलांच्या हाती मोबाईल, आणि मुलाने मात्र डोळे मिटावेत, हे कसे व्हावे? मुलाची घडी बसवावयाची, तर आधी घराची बसविली पाहिजे.

आता माझ्याच एका चुकीची गोष्ट सांगते. माझ्या मुलाला प्रथम शाळेत सोडले, तेव्हा तो रडेल या भीतीने त्याला खेळात गुंतवून मी हळूच निघून आले. इतरांच्या मुलांना सांभाळणारी मी, स्वतःला मोठी हुशार समजले! पुढे कित्येक दिवस तो घरातही माझा पदर सोडीना. मी न्हाणीघरात गेले तरी दाराशी बसून राही. त्याला शाळेचे भय नव्हते. आई न सांगता नाहीशी होते, याचे भय होते. त्या दिवसापासून मी पालकांना सांगत आले की, मूल रडले तरी चालेल, पण त्याचा निरोप घ्या. “डबा खाऊन झाला की मी येते,” असे त्याला समजेल अशा शब्दांत सांगा, आणि सांगितल्या वेळी दारात उभ्या राहा. वेळापत्रक म्हणजे मुलाच्या लेखी मोठ्यांनी दिलेला आणि पाळलेला शब्द होय.

ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीस, आणि पुढे १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर बालशिक्षणाचे कार्य चालविले. वाड्या-पाड्यांतील मुले शाळेत येत नाहीत असे दिसताच त्यांनी शाळाच त्यांच्या अंगणात नेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. मूल जुळवून घेत नसेल, तर मोठ्यांनी आधी चार पावले चालावीत, हा त्यातील धडा आपल्या घरांसही लागू आहे.

शेवटी मंडळास एक नम्र विनंती. आपला विद्यार्थी-गुणगौरव समारंभ जूनमध्ये, शाळा उघडण्याच्या ऐन तोंडावर होतो आणि भाषणे लांबत रात्रीचे साडेदहा वाजतात. बक्षीस घेणारी बालके आईच्या मांडीवर पेंगत असतात. ज्यांचा गौरव करावयाचा, त्यांचीच झोप मोडून तो करू नये. यंदा समारंभ सायंकाळी सात वाजता संपवावा. त्यासाठी भाषणे कमी करावी लागली, तर प्रथम माझे कमी करावे.