पौषातील वाशिष्ठी
(वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



गेल्या पौषात आपल्यांतील काही कुटुंबांनी तीन होड्यांतून वाशिष्ठीचा जो प्रवास केला, त्याविषयी चार शब्द सांगावेत, अशी चिटणिसांची आज्ञा झाली. तिला मान देऊन आम्ही उभे आहोत.

चिपळूणच्या मंडळींपुढे वाशिष्ठीचे नाव घ्यावयाचे म्हणजे 22 जुलै 2021 हा दिवस आठवल्यावाचून राहत नाही. 2005 सालच्या पुराच्या खुणा भिंतींवरून पुसल्या न पुसल्या तोच हा दुसरा महापूर आला. घाटात अतिवृष्टी आणि खाडीत भरती यांची गाठ पडली म्हणजे नदीने जावे तरी कोठे? त्या दिवसापासून आपल्यांतील कित्येकांनी नदीकडे पाठ फिरविली ती कायमची. एका घरच्या वृद्ध काकू तो सारा दिवस माळ्यावर बसून होत्या. पुढे त्या नदीकाठी कधी गेल्या नाहीत, आणि काठावरचे पिढीजात घर विकावे की ठेवावे, हा त्यांच्या मुलांपुढचा प्रश्न अजून सुटलेला नाही. म्हणून या सहलीचा बेत ठरला तेव्हा तिला विरोध करणारे थोडे नव्हते, आणि त्यांचे म्हणणे अवास्तव होते असेही आम्हांस वाटत नाही.

पौषच का, असे अनेकांनी विचारले. पावसाळ्यात या नदीचे नाव काढू नये. थंडीत मात्र पाणी निवळलेले, समुद्र शांत आणि पहाटे जमिनीवरून समुद्राकडे वाहणारा मतलई वारा पाठीशी. शिवाय कोयनेच्या वीजगृहांतून सुटणारे पाणी पोफळीकडून वाशिष्ठीत उतरत असल्यामुळे, कोकणातल्या इतर नद्या आटत चालल्या तरी हिची धार तुटत नाही. जे पाणी कृष्णेबरोबर पूर्वसमुद्राला जावयाचे, ते दाभोळजवळ पश्चिमसमुद्राला मिळते. माणसाने नदीचे नशीब पालटावे ते असे!

तिथी निवडली ती आमच्या तांडेलाने. तिथीची पाऊणपट करावी म्हणजे भरतीची वेळ निघते, हा खाडीकाठचा जुना हिशेब आपल्यांतील वडीलधाऱ्यांना ठाऊक असेलच. वद्य नवमीस खाडीच्या मुखाशी पावणेसातच्या सुमारास भरती. ती आत गोवळकोटास पोहोचावयास आणखी वेळ. म्हणजे सकाळी ओहोटीबरोबर खाली जावे आणि दुपारनंतरच्या भरतीबरोबर वर यावे. पुन्हा नवमी म्हणजे भांगाचे दिवस. उधाणाची ओढ नाही, की तळ उघडा पाडणारी खोल ओहोटीही नाही. मुले व वृद्ध बरोबर असता याहून सोयीची तिथी नाही.

आठाच्या सुमारास गोवळकोटच्या धक्क्यावरून निघालो तेव्हा धुके असे दाट होते की पुढची होडी दिसेना. गोविंदगडाचा डोंगर तेवढा अधांतरी तरंगत होता आणि वर अर्धा चंद्र. कानटोप्या, शाली, गोधड्या यांत गुरफटलेली मंडळी आणि त्यांवर चढविलेली तरंगती जाकिटे. एकमेकांना ओळखणे कठीण! सर्वांत मंद होडीने पुढे राहावे आणि मागच्यांनी तिला ओलांडू नये, असा नियम तांडेलाने घालून दिला. शीघ्रगामी होडीतील तरुणांना तो रुचला नाही. पण त्या नियमाचे मोल पुढे तासाभरातच कळले.

काकू आल्या होत्या. नातीने कसे मन वळविले ते तीच जाणे. धक्क्यावर त्यांनी तांडेलाला विचारले, “बाबा, तू त्या दिवशी कुठं होतास?” तो म्हणाला, “होडीतच, काकू. माणसं काढत होतो.” त्या मुकाट्याने त्याच्याच होडीत बसल्या.

धुके विरत असता नेमकी तीच होडी गाळाच्या उंचवट्यावर रुतली. ओहोटी चालू; पाव घटका गेली असती तर पाणी आणखी उतरून होडी रात्रीच्या भरतीपर्यंत तिथेच अडकली असती. दोघे तरुण उतरून ढकलावयास निघाले. तांडेलाने त्यांना दरडावून बसविले. समोरच्या चिखलावर ऊन खात दोन मगरी पडल्या होत्या. थंडीत रक्त तापविण्यासाठी त्या अशा बाहेर येतात. म्हणून त्या पाहावयाचा ऋतूही हाच आणि पाण्यात पाय न घालण्याचाही हाच. मागच्या दोन्ही होड्या हाकेच्या अंतरावर होत्या. त्यांनी दोर टाकले, आतल्या माणसांनी एका बाजूस सरकून भार हलका केला, तांडेलाने बांबू रोवला आणि तिसऱ्या हिसक्याला होडी सुटली. या साऱ्या वेळात काकूंनी नातीचा हात धरला होता. कोणी कोणाचा धरला होता, हे आम्हांस सांगता येणार नाही.

खेडकडून येणारी नदी पुढे वाशिष्ठीस मिळते. तिचे नाव जगबुडी! तिचे नाव ऐकताच काकू प्रथमच हसल्या. कांदळवनाच्या कडेला मोकळ्या काठावर शेगडी पेटवून कुळथाचे पिठले आणि तांदळाची भाकरी झाली. बगळे आणि थंडीचे पाहुणे पक्षी उघड्या चिखलावर टिपत होते. दाभोळ गाठण्याचा तरुणांचा आग्रह तांडेलाने मानला नाही. भरती चुकविणे त्याला मान्य नव्हते, आणि आम्हांसही.

परतताना काकूंनी आपले घर नदीतून पाहिले. जोत्यापासून माळ्यापर्यंत बोटाने माप घेत “पाणी इथवर होतं,” असे त्या नातीला दाखवीत होत्या. घराचा निर्णय अद्याप झालेला नाही.

येत्या पौषातही वद्य अष्टमी-नवमीचाच बेत आहे. ज्यांना यावयाचे असेल त्यांनी आपली नावे चिटणिसांकडे मार्गशीर्ष संपण्यापूर्वी द्यावीत. होड्या तीनच आहेत, आणि गोधडी ज्याची त्याने आणावयाची आहे.